न आंबलेली आंबील

ज्या जंतूंची चित्रं तुळजाराम मास्तर इतकी वर्षं खडूने फळ्यावर काढत आला होता, ते त्याने त्या दुपारी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिले, आणि ते त्याचेच होते. डॉक्टरसाहेबांनी खुर्दबीन, म्हणजे सूक्ष्मदर्शक, खिडकीशी ओढून घेतली होती, तिचा आरसा उजेडाकडे वळवून दिला होता आणि आपुलकीने म्हटलं होतं, "देखिए मास्टर साब. बहोत दिन से बोल रहे थे ना, जरासीम देखना है करके." तो वाकला. आधी आपल्याच पापण्यांची सावली दिसली, मग धूसर पाणी, मग एकदम निळ्या, आखूड, बारीक काड्या. काही एकेकट्या, काही एकमेकींना टेकून पडलेल्या. पोरांना तो सांगे की जंतू फार ओंगळ असतात. फळ्यावर तो त्यांना दातसुद्धा काढी, पोरं हसत आणि लक्षात ठेवत. यांना दात नव्हते. काचेवर सांडलेल्या निळ्या बडीशेपेसारख्या त्या दिसत होत्या. त्याला त्या सुंदर वाटल्या, आणि तसं तो बोललाही. "क्या खूब हैं साब. किसके हैं?" डॉक्टरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला. मग म्हणाले, "आप के."

गुलबर्ग्याच्या ज्या बोर्डिंगावर तुळजाराम देखरेखीला होता, तिथल्या दोन मुलांना मुदतीचा ताप आला होता. मुलं वाचली, पण डॉक्टरांनी स्वयंपाकघराला हात लावणाऱ्या प्रत्येकाच्या शौचाचा नमुना डबीत घालून मागवला आणि डब्या हैद्राबादला पाठवल्या. आचारी रेवणसिद्धप्पा तर रागाने लाल झाला होता. तुळजारामने त्याची समजूत काढली होती, "अरे, माझीही डबी पाठवतो की. सगळ्यांना एकच नियम." हे म्हणताना आपण किती मोठ्या मनाचे आहोत असं त्याला वाटलं होतं. आता निकाल आला होता. रेवणसिद्धप्पा स्वच्छ होता. भांडी घासणारी बाई स्वच्छ होती. मास्तरांना खुर्दबीन बघायची हौस म्हणून डॉक्टरांनी मुद्दाम हैद्राबादहून काचेची पट्टीही मागवून घेतली होती. त्यात त्यांचा काही कुत्सितपणा नव्हता, हेच सोसवत नव्हतं.

"लेकिन मैं तो अच्छा हूँ साब," तो म्हणाला. डॉक्टर म्हणाले, तेच तर. लहानपणी कधी मुदतीचा ताप आला होता का? आला होता. तर मग ताप गेला, पण जंतू गेले नाहीत. काहींच्या पित्ताच्या पिशवीत ते घर करून राहतात. घरमालकाला त्रास देत नाहीत. बाहेर पडतात, हाताला लागतात, हातातून अन्नात जातात. "आप बीमार नहीं हैं मास्टर साब. दूसरे होते." आजपासून वाढपाला हात लावायचा नाही, पिण्याच्या पाण्यात तांब्या बुडवायचा नाही. औषध? डॉक्टरांनी खांदे उडवले. हैद्राबादला पोट फाडून पिशवी काढतात म्हणे, पण त्याचीही खात्री नाही. तुळजाराम हो हो म्हणत राहिला. निघताना त्याने सवयीने हात पुढे केला, आणि डॉक्टरांनी तो घेतला, घट्ट घेतला, आणि तो दाराबाहेर पडत असताना मागे चिलमचीत पाणी ओतल्याचा आवाज आला. डॉक्टर प्रत्येक रोग्यानंतर हात धुवायचे. तुळजारामनेच पोरांना सांगितलं होतं, चांगला डॉक्टर त्यावरून ओळखावा.

किल्ल्याच्या खंदकाकडेने तो चालत निघाला. खंदकातल्या हिरव्या पाण्यात म्हशी बसल्या होत्या. एरवी त्या पाण्याकडे बघून तो नाक मुरडायचा आणि सोबत पोरं असली तर थांबून धडा द्यायचा. आज त्याला पाण्याकडे बघायची लाज वाटली. चौकातल्या फळवाल्याकडे पेरू होते. पेरू उचलून वास घ्यायची त्याची सवय. हात अर्ध्यात थांबला. "घ्या की मास्तर, दाबून बघा," फळवाला म्हणाला. त्याने मान हलवली. आपलं पोट आपल्यापुढे चालतंय आणि आपण त्याच्यामागून, असं काहीसं वाटत होतं. लाज एरवी तोंडावर येते, कानशिलं तापतात. ही लाज खाली होती, बरगडीच्या आत, यकृताच्या कुठेतरी बगलेत, आणि ती त्याच्याबरोबर जेवत होती, झोपत होती, आज नव्हे, कितीतरी वर्षांपासून. फक्त तिचं नाव त्याला आज कळलं होतं. बोर्डिंगात पोचल्यावर तो स्वयंपाकघराच्या दाराबाहेरच थांबला. रेवणसिद्धप्पा भाताचं पातेलं उतरवत होता. रोज सकाळी पोरांदेखत त्याला हात पुढे करायला लावून तुळजाराम त्याची नखं तपासायचा. पोरांना उदाहरण म्हणून. निकाल रेवणसिद्धप्पालाही कळला होता. तो वर न बघता म्हणाला, "माझी नखं बघून बघून डोळे दुखले असतील अण्णा तुमचे. आता जरा विसावा द्या त्यांना." आणि मग जरा नरमून, "तुम्ही बसा. वाढतो मी."

पण तुळजारामच्या मनात बोर्डिंगची पोरं नव्हती. ती वाचली होती. दवाखान्यात काचेवरून डोळा उचलतानाच त्याला गोदू आठवली होती, आणि ती आठवू नये म्हणून तो इतका वेळ म्हशींकडे, पेरूंकडे, पातेल्याकडे बघत आला होता.

गोदू ही मंठाळच्या आप्पारावची मुलगी. आप्पारावचं शेत आणि तुळजारामच्या थोरल्या भावाचं, रामलिंगचं शेत यांच्यामध्ये एकच बांध. मागच्या येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अमावस्येला, तो गावी गेला होता. त्या दिवशी त्या मुलखात गावात कोणी राहत नाही. सगळे शेतात, कडब्याची कोप, म्हणजे छोटी झोपडी, करायची, आत मांडलेल्या दगडांना चुना लावून पुजायचं, आणि मग या शेतातून त्या शेतात हाका मारत एकमेकांची भज्जी, म्हणजे डाळी-भाज्यांची मिसळ, खायची, एकमेकांची आंबील प्यायची. आंबील त्याच्या वहिनीची, बाणूबाईची. आसपासच्या शेतांतले लोक आपली टाकून तिच्या मडक्याशी येत. ज्वारीचं पीठ ती आधीच ताकात कालवून ठेवायची, चुलीच्या उबेला, फडकं बांधून. चांगलं आंबून वर फुगा आला की मग शिजवायची, जिरं-लसूण घालायची, आणि मडकं ओल्या घोंगडीत गुंडाळून शेतात आणायची. धनगराचं घर, मेंढरं केव्हाच गेली होती, घोंगडी आणि ताक राहिलं होतं.

त्या वर्षी तो पोचला तेव्हा फुगलेलं पीठ चुलीशेजारी होतं. त्याने फडकं सोडलं, वास घेतला, आणि त्याच्या डोक्यात तीन वाक्यं उभी राहिली. आंबतं ते जंतूंनी आंबतं. जंतू म्हणजे रोग. म्हणून आंबलेलं म्हणजे सडलेलं. पहिलं वाक्य पुस्तकातलं होतं. दुसरं त्याने पोरांना सोपं पडावं म्हणून केलं होतं. तिसरं आपोआप आलं होतं. आणि तिथे पोरं होती, भावाची, शेजारची, गोदूही. पोरं समोर असली की त्याला राहवत नसे. त्याने बाणूबाईला ते पीठ उकिरड्यावर ओतायला लावलं. "वैनी, आज मी दाखवतो स्वच्छ आंबील कशी करतात." ती म्हणाली होती, "न आंबलेली आंबील? मग तिला आंबील कामून म्हणायचं, खीर म्हण की." सगळे हसले होते, तोही हसला होता. ताजं पीठ, शेतातल्या चुलीवर शिजवलेलं, गोडं. ताक नाही. गार व्हावं म्हणून विहिरीचं पाणी ओतलं तेव्हा गुठळ्या झाल्या, आणि त्या त्याने हाताने मोडल्या. बाह्या सारून, कोपरापर्यंत हात घालून. पोरं गोल करून बघत होती. "बघा, एक गुठळी राहता कामा नये." गोदूने तीनदा मागून घेतली, कारण आंबट नव्हती.

आणि साबण घरी ट्रंकेत होता. हे त्याला आज आठवलं. हे त्याला आजवर कधीच आठवलं नव्हतं. सकाळी तो तांब्या घेऊन ओढ्याकडे गेला होता. परतताना काळी माती हाताला चोळली, राहिलेल्या पाण्याने धुतली, जसं सगळेच करतात. साबण ट्रंकेत राहिला असं त्याच्या मनात आलं होतं आणि त्याने ते मनातून काढून टाकलं होतं. तो तर स्वच्छ माणूस होता. ज्याला सगळे नियम पाठ असतात त्याला एखादा मोडला तर चालतो, असंच वाटलं असावं. वाटलं असंही म्हणता येत नाही, इतकं ते बारीक होतं.

पुढे गोदूला ताप आला. तो उतरेना. तुळजाराम रजा काढून पुन्हा गेला, कल्याणीहून वैद्य आणला. वैद्याने विचारलं, काय खाण्यात आलं? पारावर माणसं जमली होती. तेव्हाही त्याने समजावून सांगितलं, सावकाश, प्रत्येकाला कळेल असं: आंबील मी ताजी केली खरी, पण मडकं वहिनीचं होतं. त्या मडक्यात वर्षानुवर्षाचं आंबट मुरलेलं. मातीच्या भोकांत जंतू राहतात. वहिनीचा दोष नाही, अज्ञानाचा दोष आहे. त्याला हे वाक्य फार उदार वाटलं होतं. गोदू गेल्यावर लोकांनी त्यातला अज्ञानाचा भाग गाळला आणि मडक्यावरून ते बाणूबाईच्या हातावर आले. तिच्या हाताला वाईट आहे. तिच्याकडून विरजण कोणी नेईना. तिने ते मडकं स्वतः ओढ्यात नेऊन फोडलं, असं रामलिंगने पुढे कधीतरी सांगितलं होतं, आणि तुळजारामने मान डोलावली होती: बरं झालं.

दुसऱ्या दिवशी तो परत दवाखान्यात गेला. डॉक्टरांना त्याने आंबलेल्या पिठाचं विचारलं, बोर्डिंगासाठी विचारतोय असं दाखवून. डॉक्टर खुशीत आले. सगळे जंतू वाईट थोडेच असतात मास्टर साब? दह्यात असतात, ताकात असतात, इडली फुगते ती त्यांनीच. ते खट्टेपण तयार करतात, आणि त्या खट्टेपणात हे तापाचे जंतू बहुतेक टिकत नाहीत. आंबट ताक चांगलं, त्यापेक्षा गोडी खीर, कोमट, तासन् तास ठेवलेली, ती खतरनाक. "उसमें तो इन की ईद हो जाती." डॉक्टर हसले. तुळजारामही हसला. आपलं हसणं तो कानाने ऐकत होता. ते अगदी नेहमीसारखं होतं.

येळवस जवळ आली होती. न जाण्याची कारणं त्याने जमवली आणि ती सगळी चांगली होती: बोर्डिंग, परीक्षा, शिवाय त्याच्यासारख्याने सणाला जाऊच नये, हे तर शास्त्राप्रमाणेही बरोबर. याच कारणाशी तो सगळ्यात जास्त रेंगाळला. मग रामलिंगचा निरोप घेऊन गावचा माणूस आला, ये म्हणून, आणि जाताजाता म्हणाला, "तुमच्या वैनी औंदा कोपीतच येणार न्हाईत म्हणायल्यात. घरीच बसतो म्हणायल्यात. लोकं येत न्हाईत तर मडकं कुणाला न्यायचं." तुळजारामने रजेचा अर्ज दिला.

मोटारीतून कल्याणीपर्यंत आणि तिथून पायी. थंडीचे दिवस, वाटेच्या दोन्ही अंगाला ज्वारी पोटऱ्यात आलेली, करडई काट्यावर. लहानपणीच्या तापात याच वाटेने त्याला कल्याणीला नेलं होतं, बैलगाडीत, आणि त्याचं डोकं नव्या नवरीच्या मांडीवर होतं. बाणूबाई तेव्हा नुकतीच घरात आली होती. त्याची घाण तिने काढली होती, त्याच्या तोंडात चमच्याने ताक सोडलं होतं, "गीळ तुळजा, गीळ माझ्या राजा". तिला काही झालं नाही. का झालं नाही ते आता त्याला समजावून सांगता आलं असतं; निदान अंदाज करता आला असता. समजावून सांगण्याची ती जुनी खाज मनात उठली आणि तिची त्याला किळस आली.

कोपीत ती एकटी होती. रामलिंगने कसंबसं तिला आणलं होतं. तो बैलांकडे गेला होता. नवं मडकं होतं, लहान, घरापुरतं. चौफेर शेतांतून हाका, हसणं, चुलीचा धूर. या एका शेताकडे कोणी येत नव्हतं. त्याने सांगितलं. बसला नाही, उभ्यानेच सांगितलं, कोपीच्या तोंडाशी वाकून. ती आंबील ढवळत राहिली. मग डाव थांबला.

"म्हंजी माझ्या हातात काई नव्हतं."

"न्हाई वैनी."

"मडक्यात?"

"त्यातबी न्हाई. उलट तू आंबवलेली ठिवली असतीस तर..." तो थांबला.

"तर पोर वाचली असती म्हणायलास."

"वाचली असती बहुतेक."

बाहेर कुठेतरी पोरांनी आरोळी दिली. तिच्या चेहऱ्यावर सुटका दिसेल असं त्याला वाटलं होतं. सुटका दिसली की आपल्यालाही थोडी मिळेल, हेही त्याने धरलं होतं, हे त्याला आता कळलं. तिच्या चेहऱ्यावर तसं काही नव्हतं. ती म्हणाली, "वरीसभर मी माझ्याच लेकरांना भाकर देताना हात बघत हुते तुळजा. पीठ मळताना बघायची. झोपताना बघायची." मग तिने डाव मडक्यावर आपटून झाडला. "तवा पारावर बसून सांगितलास. मोठ्यानं. आता कोपीत येऊन हळू सांगायलास व्हय?"

तो वाकलेला सरळ झाला.

बांध ओलांडताना करडईचे काटे धोतराला लागले. आप्पाराव कोपीबाहेर बसला होता, गोदूची आई कमलबाई भज्जी वाढत होती, शेजारच्या शेतांतली पोरं रांगेत होती. "या या मास्तर," आप्पाराव उठून म्हणाला, "आमच्याकडं आधी आलात, बरं केलात. बसा. आगं, मास्तरला आंबील दी." पोरं ओरडली, "मास्तर, जंतूंची गोष्ट! दातवाल्या जंतूंची!" कमलबाईने वाटी भरून पुढे केली. त्याने घेतली नाही. हात पाठीमागे धरून तो उभा राहिला आणि बोलू लागला. ताप कशाने येतो, जंतू कुठे राहतात, काही माणसं बरी होऊनही कशी आतून... त्याचा आवाज स्पष्ट होता, चढउतार अगदी योग्य जागी होते, पोरं गुडघ्यावर हनुवटी टेकून ऐकायला बसली, आणि आप्पाराव मान डोलावत होता, जसा पारावर डोलावत होता. तुळजाराम मध्येच थांबला. हा तर धडा चालला होता. इथे ज्याची मुलगी गेली तो कौतुकाने ऐकत होता.

"आप्पाराव," तो म्हणाला, "गोदूला ताप माझ्या हातून आला. आंबील मी कालवली. हात मी नीट धुतला नव्हता. रोग माझ्या पोटात आहे. वैनीच्या हाताला काही नव्हतं. कधीच नव्हतं."

वाटी कमलबाईच्या हातातच राहिली. आप्पारावची मान एकदा सवयीने हलली आणि मग हलायची थांबली. पोरांपैकी सगळ्यात धाकटं अजून गोष्टीची वाट बघत होतं. कमलबाईने वाटी खाली ठेवली, मडक्याच्या तोंडावर फडकं ओढलं. तिचा आवाज चढला नाही.

"तुमाला ठावं हुतं का मास्तर? तुमच्या पोटात हाय म्हणून?"

"न्हाई. आता कळलं. दवाखान्यात."

"ठावं नव्हतं." तिने मान हलवली, जणू हे तिला कळलं, एवढं कळण्यासारखं होतं. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. "मग तिच्या मडक्यात हाय, हे तरी कुठं ठावं हुतं? ते कामून सांगितलात?"

त्याचं तोंड उघडलं. काहीतरी येईल म्हणून त्याने ते उघडं ठेवलं. वर्षानुवर्षं कोणी काही विचारलं की उत्तर आपोआप येत आलं होतं, आणि ते खरं आहे की नुसतं तयार आहे, हे त्याने कधी थांबून पाहिलं नव्हतं. आता आत हात घातला तर काहीच लागत नव्हतं. पोरं त्याच्याकडे बघत होती. "कमळे, ऱ्हाऊ दी," आप्पाराव म्हणाला, पण तो ज्वारीकडे तोंड करून म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. कमलबाईने नवऱ्याकडे बघितलं नाही. तिने पदर डोक्यावर घेतला, धाकट्याला कडेवर उचललं आणि ती बांधाकडे निघाली. पलीकडे कोपीच्या तोंडाशी बाणूबाई उठून उभी राहिलेली दिसत होती. ये म्हणत नव्हती, जा म्हणत नव्हती. कमलबाई तिच्यापासून थोडी अलीकडे थांबली. दोघी काही बोलल्या की नाही ते इथून ऐकू येत नव्हतं. तुळजारामने पुढे एक पाऊल टाकलं.

"तिकडं जाऊ नगा मास्तर," आप्पाराव मागून म्हणाला. "तितं तुमचं काम न्हाई."

तेवढ्यात खालच्या शेतातून निंगप्पाने टोपी हलवून हाक दिली, "ओ मास्तर! तितंच बसणार का? आमची भज्जी कुणी खायची? या की!" त्याच्या कोपीपुढे वीसेक माणसं बसलेली होती, गावातली बरीच, पारावरचीही. तुळजाराम उतारावरून खाली निघाला. मातीची ढेकळं पायाखाली फुटत होती. निंगप्पाने जागा करून दिली, कोणीतरी वाटी भरली, पोरं मागोमाग धावत आलीच होती. या वेळी त्याने जंतूंपासून सुरुवात केली नाही.